काळी कड

१० नोव्हेंबर २०२५, सोमवार

— आणि त्या सकाळी दूध तापवायला उशीर झाला, कारण गॅसची एक शेगडी ह्यांनी अडवून ठेवली होती. छोट्या पातेल्यात पाणी, पाण्यात खायचा सोडा. कशाला ते मी विचारलं नाही. मला कुठे वेळ! नळाला पाणी सहा ते सात एवढंच. पिंप भरायचं, भाकऱ्या थापायच्या, तिघांचे डबे, त्यात किर्तीची हाक — आई, माझी ओढणी कुठे ठेवलीस. हे खिडकीशी उजेडाला बसून डोळ्याला भिंग लावून काहीतरी बघत होते. मी म्हटलं, घरी पण कंपनीच का? एरवी हसले असते. त्या दिवशी हसले नाहीत. मग उठले, फळीवरची माझी रिठ्याच्या पाण्याची बरणी काढली आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत सगळी उपडी केली. म्हणाले, आता हे नको वापरूस, कंपनीचीच पावडर वापर, संध्याकाळी हातमोजे आणतो. संध्याकाळी आणलेही. निळे, रबराचे, कोपरापर्यंत येणारे.

आज ते हातमोजे फाटले. उजव्या हाताचा, अंगठ्याजवळ. दीड वर्ष चालले. म्हणून ती सकाळ आठवली, नाहीतर तिच्यात काही विशेष नव्हतं. इतर सकाळींसारखीच.

माणूस जाऊन वर्ष होत आलं आणि त्याने आणलेले हातमोजे आज फाटले. टाकवेनात. घडी करून पिशवीत घातले.

कंपनीत नवं लेझर मशीन उतरवलं. शटर काढलं तेव्हा आत आलं. ज्या स्पार्क मशीनवर ह्यांनी अकरा वर्षं होल पाडले, ते कोपऱ्यात सरकवलं, वर प्लास्टिक टाकलं. मी मायक्रोस्कोपवरून मान वर केली नाही. दिसत होतं तरी.

१२ नोव्हेंबर, बुधवार

आमच्याकडे डिझेल इंजिनाची नोजल बनतात. करंगळीच्या पेराएवढा पीस आणि त्याला केसाएवढे सहा होल. होल पाडून पीस माझ्याकडे येतात. मी ते कंपनीच्या पावडरीच्या पाण्यात धुते, छोट्या ओव्हनमध्ये वाळवते, मायक्रोस्कोपखाली एकेक होल बघते, मग कागदावर सही करते. सात वर्षं हेच. सातवी शिकलेल्या बाईला ही खुर्ची ह्यांच्यामुळे मिळाली. मालकांना म्हणाले होते, तिला वाचायचा नाद आहे, साहेब, तिची नजर अक्षरावर ठरते, होलवरही ठरेल.

नापास पीस लाल ट्रेमध्ये टाकायचा. आणि नापास पीसला आमच्या कंपनीत एक शब्द आहे. होल जळाला, तिरका गेला, की राजू ओरडतो — सुदाम झाला! ट्रेवरसुद्धा कोणीतरी मार्करने तेच लिहून ठेवलंय.

लिहिताना हात थांबला. हे नाव मी जन्मात एकदाच घेतलं, लग्नात, उखाण्यात. नंतर 'किर्तीचे पप्पा', नाहीतर नुसतं 'अहो'. आमच्या घरातल्या कुठल्याच बाईने नवऱ्याला नावाने हाक मारली नाही. आणि कंपनीत दिवसातून वीस वेळा ऐकते. राजू मनाने वाईट नाही. मी समोर आहे हे लक्षात आलं की जीभ चावतो. पण शब्द आता त्याच्या एकट्याचा राहिला नाही. दिवाळीनंतर लागलेल्या नव्या मुलीही म्हणतात. त्यांना तो इंग्रजी शब्द वाटतो.

शब्द आला तो गेल्या वर्षीच्या एप्रिलच्या लॉटवरून. बत्तीसशे पीस. प्रत्येक होलच्या काठाला काळी कड. पहिल्यांदा मीच पाहिली आणि मीच लिहिलं, 'कड जळालेली'. नवऱ्याचं काम म्हणून झाकलं नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा म्हणाले, बरोबर केलंस. ज्या पार्टीचा माल होता तिने तो घेतला नाही. ह्यांना मशीनवरून उठवून पॅकिंगला बसवलं. मशीनवर राजू आला आणि काळी कड थांबली. मग चूक कोणाची, हे ठरल्यासारखंच झालं. आठ महिने खोक्यांना पट्ट्या मारल्या. २ डिसेंबरला पट्टी मारता मारताच गेले.

ते असतानाही राजू म्हणायचा, सुदाम झाला. हे खाली मान घालून हसायचे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. एमआयडीसीची सुट्टी.

मशीनबरोबर एक मुलगी आली आहे, मशीन विकणाऱ्या कंपनीची इंजिनिअर. सोनिया. सिंधी आहे, उल्हासनगरची, चार नंबर कॅम्पात घर. मला आंटी म्हणते. मराठी शेजारच्यांकडून शिकली, म्हणून वाक्य मराठीत सुरू करून हिंदीत संपवते. मी काल विचारलं, ह्यात आणि जुन्यात फरक काय? मशीनबद्दल मला कोणी काही सांगत नाही, मी विचारतही नाही. पण ती बसली आणि सांगितलं.

ह्या लेझरचा उजेड सलग नसतो. तो क्षणभर पडतो आणि विझतो. आणि क्षणभर म्हणजे किती? फेमटोसेकंद. ती म्हणाली, समजा सेकंद ताणून तीन कोटी वर्षांएवढा लांब केला, तर त्यातला एक सेकंद म्हणजे फेमटोसेकंद. असे काहीशे फेमटोसेकंद उजेड, की झालं. त्या जागेचं लोखंड वाफ होऊन उडून जातं, पण शेजारच्या लोखंडाला तापायला वेळच मिळत नाही. आमच्या जुन्या मशीनमध्ये ठिणगीने होल पडायचा, ठिणगी म्हटलं की आच आलीच.

मी म्हटलं, तव्यावरची भाकरी उलटताना बोट टेकतं पण भाजत नाही, तसं? ती म्हणाली, बिलकुल वैसा ही, आंटी, फक्त तुमचं बोट फार स्लो आहे.

आज दुपारी किर्तीची जुनी नववी-दहावीची विज्ञानाची पुस्तकं काढली, डिक्शनरी घेतली. अर्धं कळलं. उष्णता पसरायला वेळ लागतो हे कळलं. शेजारच्याला कळायच्या आत माणूस नाहीसा होतो. डॉक्टर तसंच म्हणाले होते, त्यांना काही कळलंसुद्धा नसेल. आपल्याला मात्र तापायला वेळच वेळ आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

उद्या लेझरचे पहिले दोनशे पीस माझ्याकडे येणार. हे पास झाले तर मशीन पक्कं, मोठी ऑर्डर पक्की. विक्रांत सर — आमचे मालक — दोनदा येऊन सांगून गेले, यशोधराताई, जपून.

हातमोजे नाहीत. पावडरीने दोन दिवसांत बोटांची सालं निघाली. आणि इतक्या नाजूक कामाला ती जहाल पावडर घालायची मनाला बरं वाटेना. येताना बाजारातल्या काष्ठौषधीच्या दुकानातून रिठे आणले. आई चांदीचे दागिने आणि ठेवणीतलं लुगडं रिठ्यानेच धुवायची, कधी ओरखडा नाही. भिजत घातलेत, ते पाणी उद्या बरणीतून कामावर नेणार. हातालाही थंड वाटतं.

रिठ्याची युक्तीही ह्यांचीच. पावडर नवीन आली तेव्हा माझे हात बघून म्हणाले होते, तुझ्या आईची चांदी निघते तर आपलं लोखंड का नाही निघणार? पोटमाळ्यावरची बरणी तेव्हा त्यांनीच काढून दिली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

काळी कड. दोनशेच्या दोनशे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

कागदावर काल लिहिलं, 'कड जळालेली'. सही केली. जे दिसतं ते लिहायचं.

सकाळी राजूला कळलं. तो पोट धरून हसला. एवढं कोटीतलं मशीन आणलं, म्हणे, आणि लेझरपण सुदाम! सगळे हसले. माझ्याकडे लक्ष गेलं तसे कामाला लागले.

सोनिया नाही हसली. ती पीस घेऊन माझ्या खुर्चीवर बसली, अर्धा तास उठली नाही. उठली ती थेट विक्रांत सरांसमोर. "सर, हे जळलेलं नाही. जल ही नहीं सकता. तापलंच नाही तर जळणार कसं?" सर म्हणाले, माझी बाई सात वर्षं बघते आहे, ती म्हणते जळलंय. पाच दिवस देतो. नाहीतर तुमच्या कंपनीला फोन करतो, दुसरा माणूस पाठवा म्हणून.

माझी बाई सात वर्षं बघते आहे. ऐकायला बरं वाटायला हवं होतं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार. सुट्टी.

कढीपत्त्याला पाणी. वाचायला घेतलं, एकच ओळ चार वेळा वाचली. तापलंच नाही तर जळणार कसं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सोनियाने आज मशीनवरचे पाच ताजे पीस काढले आणि न धुता माझ्या मायक्रोस्कोपखाली ठेवले. मला म्हणाली, बघा. मी बघितलं. असा होल मी सात वर्षांत पाहिला नव्हता. काठ असा, की कागदाला टाचणीने पाडलेलं भोकही त्यापुढे फाटकं वाटावं. मागून दिवा लावला तर उजेडाचा गोल ठिपका. काळं काही नाही.

मग तिने तेच पाच मला धुवायला दिले. धुतले, ओव्हनमध्ये ठेवले, दीडशे डिग्री, वीस मिनिटं. काढले.

पाचही पीसला काळी कड.

ती म्हणाली, आंटी, तुम्ही धुता कशात?

मी म्हटलं, पावडरीत. भिंतीवरच्या चार्टमध्ये लिहिलंय तसंच.

का म्हटलं? तोंडातून निघालंच. ती म्हणाली, मग पावडर बदलली असेल, मी लॅबला पाठवते. आणि एका डबीत पावडर भरून घेऊन गेली. माझ्यावर विश्वास ठेवून.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये मी रिठाच वापरत होते.

पंधरा दिवस. त्या बत्तीसशे पीसना. मग हातमोजे आले, रिठा सुटला, पावडर सुरू झाली. आणि त्याच आठवड्यात ह्यांना उठवून राजूला मशीनवर बसवलं. काळी कड थांबली ती राजू आला म्हणून नाही.

ह्यांचा होल जळला नव्हता. मी धुतलेलं जळलं. रिठ्याचा फेस होलच्या काठाला धरून राहिला, ओव्हनमध्ये भाजला, आणि मी डोळा लावून लिहिलं 'जळालेली' आणि खाली सही केली.

आज स्वयंपाक केला नाही. किर्ती अंबरनाथहून आली होती, तिच्या सासरहून, ह्यांना जाऊन वर्ष होतंय, त्याच्या पुण्यानुमोदनाचं ठरवायला. म्हणाली, आई, हात दाखव. बोटं बघितली. सोड आता ती नोकरी, म्हणाली.  कशी सोडू! ही खुर्ची गेली तर दिवसभर ह्या दोन खोल्यांत मी आणि त्यांचा फोटो.

२६ नोव्हेंबर, बुधवार

विक्रांत सरांनी फोन केला. सोनियाच्या जागी दुसरा माणूस येणार. चहाच्या वेळी राजू कोणाला तरी म्हणत होता — मॅडम सुदाम झाल्या.

मशीनला म्हणतात, पीसला म्हणतात, आता पोरीला म्हणायला लागले.

सुटी झाल्यावर तिला गेटबाहेर गाठलं. रिक्षात बसत होती. सांगितलं. रिठा वापरला, खोटं बोलले. तिने रिक्षावाल्याला जायला सांगितलं आणि कट्ट्यावर बसली. मला वाटलं रागावेल. ती म्हणाली, "आंटी, रिठा? वो बालवाला?" मग हसायलाच लागली, आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. आठ दिवस झोपली नव्हती म्हणाली. मग विचारलं, कंपनीत कोणाकडे खायचा सोडा मिळेल का, उद्या उकळून बघू.

एप्रिलचं मी तिला सांगितलं नाही. 

२७ नोव्हेंबर, गुरुवार

कँटीनमधून सोडा घेतला. काचेच्या भांड्यात पाणी उकळलं, सोडा टाकला, काळ्या कडेचे पीस त्यात. दहा मिनिटं. पाणी चहासारखं तांबूस झालं. होल स्वच्छ.

ते पाणी बघताना काहीतरी आठवल्यासारखं झालं. आलं नाही पुढे.

मशीन पास. सोनिया राहिली. रिठ्याचं मीच जाऊन सांगितलं. विक्रांत सर मला केबिनमध्ये म्हणाले, यशोधराताई, असं पुन्हा नको. एवढंच. मी अजून उभीच होते. मग सांगून टाकलं — सर, एप्रिलचा लॉटसुद्धा. त्यांनी उठून केबिनचं दार लावलं. मग हळू आवाजात म्हणाले, "पार्टीला आपण लिहून दिलंय, ऑपरेटरची चूक. आता ते उकरून कोणाचं भलं होणार? माणूसही राहिला नाही. तुमची नोकरी आहे, ती करा." वाईट माणूस नाहीत ते. पुण्यानुमोदनाला येतो म्हणाले.

मी हो म्हटलं. बाहेर आले, खुर्चीवर बसले, डोळा लावला.

हो म्हटलं मी.

३० नोव्हेंबर, रविवार

राजू आज तीनदा म्हणाला. मोजलं.

२ डिसेंबर, मंगळवार

वर्ष झालं.

सकाळी वंदना झाली, मग जेवणं. पन्नासेक माणसं. कंपनीतले सगळे आले. सोनिया आली, चप्पल काढून मागे बसली, हात जोडले, काय म्हणायचं ते तिला येत नव्हतं म्हणून ओठ हलवत राहिली. राजूने दोन वाट्या खीर खाल्ली आणि किर्तीला म्हणाला, तुझे पप्पा लाखात एक माणूस, कधी मला उलटून बोलले नाहीत. खरंच मनापासून म्हणाला. विक्रांत सरांनी फोटोला फुलं वाहिली आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

सगळे गेल्यावर किर्तीने भांडी घासली, मी पुसून ठेवली. छोटं पातेलं हातात आलं. आतून पांढुरकं, कितीही घासलं तरी जात नाही. मी म्हटलं ह्याला काय झालंय. किर्ती म्हणाली, पप्पांनी नव्हतं का काहीतरी उकळलं त्यात.

ती गेली. दिवेलागणीला वही घेऊन बसले, आजचं लिहायला. पण मागे गेले, पहिल्या पानावर. १० नोव्हेंबर. माझंच अक्षर.

पातेल्यात पाणी. खायचा सोडा. खिडकीशी उजेडाला, डोळ्याला भिंग. बरणी कुंडीत. संध्याकाळी हातमोजे.

मीच लिहून ठेवलंय सगळं, ओळीने. आणि वर लिहिलंय, त्यात काही विशेष नव्हतं!

त्यांना कळलं होतं. पार्टीने लॉट नाकारला त्याच आठवड्यात, भाकऱ्या होत असताना, माझ्या पाठीमागे कळलं होतं. ते त्याच दिवशी पातेल्यातले पीस घेऊन सरांकडे जाऊ शकले असते. मग ही खुर्ची माझी राहिली नसती. त्यांनी मला एवढंच सांगितलं की हे नको वापरूस. आणि बाजारातून हातमोजे आणले, माझ्या मापाचे. आणि आठ महिने खोक्यांना पट्ट्या मारत स्वतःचं नाव ऐकत खाली मान घालून हसले.

बरोबर केलंस, म्हणाले होते.

३ डिसेंबर, बुधवार

आज जेवणाच्या सुट्टीत सगळे बसलेले असताना मी उभी राहिले. म्हटलं, "सुदाम रोकडे यांचा एकही होल जळलेला नव्हता. माझं धुणं चुकलं होतं." विक्रांत सर दारात होते, त्यांनी ऐकलं. मग स्पिरिटचा बोळा घेऊन लाल ट्रेवरचं नाव पुसलं, राजूकडून मार्कर मागून घेतला आणि तिथे माझं नाव लिहिलं.